कोळशाची खतावणी

दिवाळीच्या संध्याकाळी आमच्या घरी पणत्यांची वात वळण्याचे काम आईचे आणि तेल घालण्याचे काम माझे असे. मी सढळ हाताने तेल ओतू लागलो की आई म्हणे, "अरे, अर्धीच भर. आरती होऊन जेवणं उरकेपर्यंत तेवढं पुरतं. मध्यरात्री जळत राहिलेलं तेल कोणाच्या उपयोगी पडणार?" ती काही कंजूष नव्हती. आमच्या दारातल्या पणत्या शेजाऱ्यांपेक्षा दोन जास्तच असत. पण किती तेलात किती वेळ उजेड मिळतो, याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता.

पुढे मी इंजिनिअर झालो, आणि नोकरीची शेवटची काही वर्षे एका कंपनीच्या पाच कारखान्यांत वीज, तेल आणि कोळसा किती खर्च होतो याचा एकत्र हिशेब ठेवण्यात गेली. या कामाला 'ऊर्जा व्यवस्थापन' असे भारदस्त नाव होते, आणि हे अगदी नवे शास्त्र आहे असे आम्हांला बजावून सांगण्यात आले होते. ते नवे नाही, चांगले दोनशे वर्षांचे जुने आहे, हे मला बरेच उशिरा कळले. आधी कळले असते तर माझी एक चूक टळली असती. त्या जुन्या खतावणीची आणि त्या चुकीची ही हकिगत आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला कॉर्नवॉल नावाचा प्रांत समुद्रात लांबवर घुसलेला आहे. त्याच्या पोटात तांबे आणि कथील विपुल. कोळसा मात्र औषधालासुद्धा नाही. खाण खोल गेली की पाणी लागते, आणि पाणी उपसले नाही तर खाण बुडते. १७१२ साली न्यूकोमेनने पाणी उपसणारे वाफेचे इंजिन उभे केले आणि खाणवाल्यांची चिंता मिटली. पण तिच्या जागी दुसरी आली. हे इंजिन कोळसा खाई तो बकासुरासारखा. जिथे कोळशाची खाण दाराशी होती तिथे त्याचे कोणाला काही वाटत नसे. कॉर्नवॉलला मात्र एकेक टोपली वेल्सहून गलबतात घालून आणावी लागे. तांब्यातून मिळालेला पैसा कोळशाच्या धुरातून निघून जाऊ लागला.

अशा वेळी जेम्स वॉट आला. वाफ सिलिंडरातच थंड न करता वेगळ्या भांड्यात थंड करावी, म्हणजे सिलिंडर पुन्हापुन्हा तापवण्यात वाया जाणारा कोळसा वाचेल, ही त्याची युक्ती. तिचे पेटंट त्याने १७६९ मध्ये घेतले, आणि १७७५ मध्ये पार्लमेंटने त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांशी जो करार केला तो मोठा मौजेचा होता. यंत्राचा आणि उभारणीचा खर्च खाणीने करायचा. मग जुन्या इंजिनाच्या मानाने जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश भाग या दोघांना द्यायचा. वाचलेला कोळसा मोजायचा कसा? त्यासाठी इंजिनाच्या तुळईवर एक गणकयंत्र बसवले. तुळई किती वेळा वरखाली झाली ते त्यात आपोआप नोंदले जाई. गणकयंत्राच्या पेटीला कुलूप असे, आणि किल्ली वॉटच्या माणसांपाशी.

म्हणजे पाहा, 'न जाळलेल्या कोळशा'ची मोजदाद करून त्यावर पैसा उभा करण्याची कल्पना अठराव्या शतकातच अमलात आली होती. काही वर्षे सर्वांनाच ती सोयीची वाटली. पुढे मात्र दर महिन्याचा तो हप्ता खाणवाल्यांना सलू लागला. कोणी पैसे थकवले, कोणी हॉर्नब्लोअर आणि बुल या स्थानिक कारागिरांची इंजिने बसवली. वॉटने त्यांना कोर्टात खेचले. खटले १७९९ पर्यंत चालले आणि वॉट जिंकला. पण त्या जिंकण्याने कॉर्नवॉलच्या मनात जी अढी बसली ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या गेली नाही. बचतीची वही एकाच्या खिशात आणि कष्ट दुसऱ्याचे, असा प्रकार झाल्यावर दुसरे काय होणार?

१८०० साली पेटंट संपले. वॉटची माणसे कुलपे-किल्ल्या घेऊन परत गेली. आता हप्ता नाही, पहारा नाही. कॉर्नवॉलची भरभराट व्हायला हवी होती. झाले उलटेच. इंजिनांकडे लक्ष देणारे कोणी उरले नाही. वाफ सांध्यांतून गळू लागली, बॉयलरांत क्षार साचू लागले, आणि कोळशाचा खर्च पुन्हा वाढीला लागला. कोणाचे इंजिन किती खाते हे त्याच्या मालकालाही सांगता येईना, मग शेजाऱ्याला कोठून कळणार?

अखेर १८११ साली काही खाणींच्या व्यवस्थापकांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवली. जोएल लीन नावाच्या एका जाणत्या खाण-कप्तानाने दर महिन्याला प्रत्येक खाणीवर जायचे, इंजिनाचे गणकयंत्र वाचायचे, जळलेला कोळसा मोजायचा आणि सर्वांचे आकडे एकाच तक्त्यात छापून सर्वांना वाटायचे. पहिला तक्ता त्याच वर्षाच्या ऑगस्टचा. पुढच्याच वर्षी लीन वारला. पण त्याच्या मुलांनी काम सोडले नाही. 'लीनचा इंजिन रिपोर्टर' या नावाने ते मासिक पत्रक थेट १९०४ पर्यंत निघत राहिले.

या तक्त्यात एकच माप होते. त्यासाठी आपली मोट डोळ्यांपुढे आणा. दोन शेतकऱ्यांत कोणाची बैलजोडी चांगली हे ठरवायचे असेल, तर नुसते ओढलेले पाणी मोजून भागत नाही. विहीर किती खोल आणि बैलांनी कडबा किती खाल्ला, तेही पाहावे लागते. लीनने नेमके हेच केले. एक बुशेल, म्हणजे ९४ पौंड, कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट वर आले, तो त्या इंजिनाचा आकडा. आरंभीच्या वर्षांत सरासरी आकडा दोन कोटी पौंडांच्या आतबाहेर होता. म्हणजे हजार फूट खोल खाणीतून ९४ पौंड कोळशात सुमारे वीस हजार पौंड पाणी वर येई.

तक्त्यात खाणीचे नाव, इंजिनाचा आकार आणि हा आकडा असे. शिवाय इंजिनाची जबाबदारी ज्या इंजिनिअरवर, त्याचे नावही असे. याच रकान्याने खरी जादू केली. एखाद्या इंजिनाचा आकडा वर गेला की महिनाभरात साऱ्या प्रांताला कळे की तो कोणामुळे गेला. मग दुसऱ्या खाणीवाले घोड्यावर बसून ते इंजिन पाहायला जात. पाहू देण्यात संकोच नव्हता. तांब्याचा भाव बाजार ठरवी. शेजाऱ्याचा कोळसा वाचला म्हणून आपले तांबे स्वस्त विकावे लागत नव्हते. शिवाय एकेका भांडवलदाराचे भाग अनेक खाणींत गुंतलेले असत. एकाच खाणीचा चांगला आकडा त्याला पुरेसा नव्हता, सगळ्याच खाणींचा चांगला हवा होता. पाच कारखान्यांच्या कंपनीला आज जे हवे असते तेच हे. वॉटच्या पेटंटाने पोळलेल्या या माणसांनी आता नव्या युक्त्यांची पेटंटे घेण्याचेही बहुधा टाळले.

ट्रेव्हिथिकने १८१२ मध्ये व्हील प्रॉस्पर येथे जास्त दाबाच्या वाफेचे इंजिन लावले. वूल्फने आपल्या पद्धतीची इंजिने उभारली. पण मला सर्वांत आवडतो तो सॅम्युअल ग्रोस. त्याने मोठा शोध काही लावला नाही. सिलिंडर, वाफेच्या नळ्या, बॉयलर, जिथून म्हणून उष्णता निसटते तिथे त्याने जाड आवरणे घातली. थंडीत पोराला गोधडी पांघरावी तशी. त्याच्या व्हील टोवन येथील इंजिनाने १८२८ च्या सुमारास आठ कोटींच्या वर मजल मारली. जी गोष्ट कोणत्याही आईला सुचली असती, ती आकडा समोर छापून येऊ लागल्यावर इंजिनिअरांना सुचली!

१८३५ साली फोवी कन्सोल्स खाणीतल्या 'ऑस्टिनच्या इंजिना'ची साक्षीदारांसमोर एक दिवसभर चाचणी झाली आणि आकडा निघाला साडेबारा कोटी. बाहेरच्या इंजिनिअरांचा त्यावर विश्वास बसेना. चाचणीचा दिवस आणि रोजचा दिवस यांत फरक असतोच. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो की नाही? पण रोजच्या कामाची सरासरीसुद्धा १८४० नंतरच्या वर्षांत सहा कोटींच्या वर गेली होती. तीस-पस्तीस वर्षांत त्याच कोळशात तिप्पट काम! हॉलंडातले हार्लेमचे प्रचंड सरोवर उपसून १८५२ मध्ये कोरडे केले गेले, ते याच कॉर्नवॉली पद्धतीच्या इंजिनांनी. त्याच काळात कोळसा दाराशी असलेल्या लँकेशायरच्या कापड-गिरण्या मात्र जुन्याच पद्धतीची इंजिने वर्षानुवर्षे चालवत राहिल्या. जिथे कोळसा नाही, तिथेच कोळशाचा हिशेब जन्माला येतो.

हे वाक्य लिहिताना मुंबई आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईलाही कोळसा नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापसाच्या गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागले, आणि पुढे गिरणगावात चिमण्यांचे रान उभे राहिले. प्रत्येक चिमणीखाली स्वतंत्र बॉयलर, स्वतंत्र इंजिन, आणि दूरदेशाहून किंवा बंगालहून येणारा कोळसा. मुंबईने यावर वेगळा तोडगा काढला. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तळ्यांचे पाणी सुमारे सतराशे फूट खाली सोडून टाटांनी खोपोलीला वीज केली. १९१५ मध्ये ती गिरण्यांना मिळू लागली. ज्याने त्याने आपला जाळ पेटवायचा, ही रीत हळूहळू मागे पडली, आणि एकाच उगमावर अनेक गिरण्या चालू लागल्या.

मात्र या हिशेबाला दुसरीही बाजू होती, आणि ती गिरण्यांच्या वहीत लिहिलेली नव्हती. पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण झालेच; भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. वाचलेल्या कोळशाचा आकडा काढता येतो. बुडालेल्या खाचरांची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे कोणी ठरवले नव्हते. वही ठेवणाऱ्याने हे विसरू नये म्हणून ही आठवण.

आता माझ्या चुकीकडे वळतो.

१९७३ साली तेलाचे भाव काही महिन्यांतच चौपट झाले, तेव्हापासून जगभरचे कारखानदार इंधनाकडे नव्या नजरेने पाहू लागले. आपल्याकडे २००१ मध्ये ऊर्जा-संवर्धनाचा कायदा झाला. २०११ मध्ये ऊर्जा व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. २०१२ मध्ये सरकारने आठ उद्योगांतल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जा-बचतीची लक्ष्ये ठरवून दिली. लक्ष्यापेक्षा जास्त वाचवणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळणार, आणि मागे पडणाऱ्याला ती विकत घ्यावी लागणार. आमची कंपनी त्या यादीत नव्हती. पण वारे सगळीकडेच वाहत होते. पाचही कारखान्यांना एकच पद्धत लावायची असे वरून ठरले, आणि ते काम माझ्याकडे आले.

मी मोठ्या उत्साहाने दर महिन्याचा तक्ता काढू लागलो. एक टन मालामागे किती युनिट वीज जळली त्यावरून पाच कारखान्यांना नंबर दिले. शेवटच्या नंबराला तांबडी शाई. पहिल्या बैठकीत ओतकामाच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, "आमच्याकडे लोखंड वितळतं, त्यांच्याकडे नुसते नटबोल्ट आवळतात. आमची नि त्यांची बरोबरी कशी लावता?" त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते, पण मला ती सबब वाटली.

चार-पाच महिन्यांत सगळे आकडे सुधारले. वरिष्ठ खूश झाले, मीही फुशारलो. मग एके दिवशी एका कारखान्यातला जुना फिटर मला कंप्रेसरच्या खोलीमागे घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "साहेब, रागावणार नसाल तर सांगतो. मीटर कोणी वाचत नाही. महिनाअखेरीला बसून वही भरतात. तुमची तांबडी शाई नको म्हणून."

त्या रात्री मला झोप आली नाही. आकडे त्यांनी खोटे लिहिले होते. पण लिहायला मी लावले होते. माझ्या हाती वॉटची कुलूपबंद पेटीच होती. मी तिला फक्त तांबडा रंग दिला होता.

त्याच सुमारास लीनच्या पत्रकाविषयी माझ्या वाचनात आले, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मी नंबर बंद केले. भट्टीची तुलना भट्टीशी आणि कारखान्याची त्याच्याच मागच्या वर्षाशी करायची असे ठरवले. पाचही ठिकाणी सारखी असणारी एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे कंप्रेसरची हवा. शंभर घनमीटर हवा दाबायला किती युनिट लागतात, आणि सुट्टीच्या दिवशी काम बंद असताना किती हवा नुसती गळते, ही दोन मापे सर्वांना सारखीच लागू पडत. आणि शेवटी दोन रकाने वाढवले: 'काय केले' आणि 'कोणी केले'.

मग तो फिटर आणि मी एका सुट्टीच्या दिवशी बंद कारखान्यातून हिंडलो. यंत्रे मुकी होती, त्यामुळे हवेची गळती ऐकू येत होती. कुठे फुसफुस, कुठे शीळ. तो प्रत्येक ठिकाणी खडूने फुली मारी. संध्याकाळपर्यंत खडू संपला. दुसऱ्या महिन्याच्या तक्त्यात त्याचे नाव छापले गेले. पंधरा दिवसांत दुसऱ्या कारखान्यातून त्याला फोन आला, "दादा, तुम्ही गळती शोधता कशी? एकदा येऊन दाखवा की!" ओतकामाच्या व्यवस्थापकांनी तर स्वतः होऊन लिहून पाठवले की सुट्टीच्या दिवशी वितळलेला रस नुसता धरून ठेवायला इतकी वीज जाते, यावर कोणाकडे काही उपाय आहे का. ज्या गृहस्थांनी सहा महिने आकडे लपवले, तेच आता आपले दुखणे चारचौघांत मांडत होते.

त्या वर्षीचे आकडे पहिल्यापेक्षा वाईट आले, कारण ते खरे होते. वरिष्ठांना ते पटवताना माझी पुरेवाट झाली. पुढल्या वर्षी ते सुधारले, आणि ती सुधारणा टिकली.

अमेरिकेतल्या लुईझियानात, प्लॅकमिन येथील डाऊ कंपनीच्या रसायन-कारखान्यांतही असेच घडल्याचे मी पुढे वाचले. १९८२ मध्ये केन नेल्सन नावाच्या इंजिनिअरने कामगार-इंजिनिअरांना बचतीच्या योजना सुचवण्याचे आवाहन केले. पहिल्या वर्षी २७ योजना निवडल्या गेल्या; त्यांवर घातलेल्या पैशाचा वार्षिक परतावा १७३ टक्के निघाला. सोपे तेवढे झाले, आता काही उरले नसणार, असे सर्वांना वाटले. पण दहा वर्षे उलटली तरी योजना संपल्या नाहीत. विहीर उपसावी तसे नवे झरे फुटत राहिले.

आणि उपसणे थांबले तर? त्याचेही उत्तर कॉर्नवॉलने देऊन ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली चढाओढ ओसरली. तक्त्यात आकडे देणाऱ्या खाणी कमी झाल्या आणि सरासरी पुन्हा खाली घसरली. इंजिने तीच होती, कोळसाही तोच. पाहणारे डोळे तेवढे दुसरीकडे वळले होते.

शेवटी एका शंकेखोर गृहस्थाचे म्हणणे सांगितले पाहिजे. १८६५ मध्ये जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने कोळशावर एक पुस्तक लिहिले. इंजिने काटकसरी झाली म्हणून देशाचा कोळसा वाचेल, ही समजूत भाबडी आहे, असे तो म्हणतो. काम स्वस्त झाले की माणसे जास्त इंजिने लावतात, आणि एकूण कोळसा वाढतच जातो. हे वाचून मी जरासा खट्टू झालो. मग आमच्या दारातल्या त्या दोन जास्तीच्या पणत्या आठवल्या. आई अर्धीच पणती भरी, आणि वाचलेल्या तेलात आणखी दोन लावी! जेव्हन्सचे म्हणणे ती न वाचताच जाणून होती. फरक इतकाच की आपण दोनच पणत्या वाढवतो आहोत, आणि त्या कशासाठी, हे तिला ठाऊक असे.

यंदाही घरी पणत्या लागतील. तेल घालायला नात बसते. ती काठोकाठ भरू लागली म्हणजे मी तिला काही बोलत नाही. एक पणती अर्धी भरून शेजारी ठेवतो आणि म्हणतो, "बघू या, जेवणं होईपर्यंत कोणती टिकते." मग ताटावरून चारदा उठून ती अंगणात बघून येते.